ईदनंतरचे चौदा दिवस

"मॅडम, यहाँ का रोजा आसान है. डर ईद का लगता है."

तीन वर्षांपूर्वीच्या रमजानमध्ये कारागृहाच्या महिला विभागात एका बाईने मला हे सांगितले. दुपारचा वर्ग संपला होता आणि बायका वह्या गोळा करत होत्या. मी महाविद्यालयात शिकवते. गेली पाच वर्षे आठवड्यातून एकदा एका सामाजिक संस्थेबरोबर या बायकांना लिहा-वाचायला शिकवायला जाते. कुणाला उर्दू हवी असते, कुणाला मराठी, आणि बऱ्याच जणींना फक्त आपली सही करता यायला हवी असते. रमजान आला की बराकीत रोजेदारांसाठी सहरी-इफ्तारची वेगळी व्यवस्था होते. रोजे ठेवणाऱ्यांत दोन-तीन हिंदू बायकाही असतात. "सगळ्या उठतात, मग मी एकटीच कशाला झोपू," असे त्यांतल्या एकीने मला सांगितले होते.

ही बाई ईदेच्या दिवशी मुलांची आठवण येईल म्हणून घाबरते आहे, असे मला वाटले. मी नेहमीचा दिलासा दिला. तिने मान हलवली. "वैसा नहीं मॅडम. ईद के बाद जमानत होगी, वकील बोले. बाहर गोली है ना."

आमच्या भागात 'कुत्ता गोळी' किंवा 'बटन' म्हटले की शाळकरी मुलांनाही कळते. झोपेच्या आणि चिंतेच्या विकारावरच्या या गोळ्या, डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय गल्लीत विकल्या जातात. ही बाई घरी बसून कपड्यांवर टिकल्या लावायचे हातकाम करायची. रात्र-रात्र जागून मान आणि पाठ धरायची. नवऱ्याने आधी अर्धी गोळी दिली. वर्षभरात ती पाचावर गेली, मग सोबत खोकल्याच्या औषधाची बाटलीही आली. पुढे नवरा विकायचा माल घरी ठेवू लागला. पोलीस आले तेव्हा तो मागच्या दाराने पळाला आणि ही सापडली. अकरा महिने ती आत होती. मुलाखतीला एकदाही कोणी आले नाही. दोन्ही मुले नणंदेकडे होती.

मी तिला एका चिठ्ठीवर माझा मोबाइल नंबर लिहून दिला. "कधीही फोन कर," म्हणाले, आणि माझे काम झाले असे मला वाटले.

ईदेनंतर चौथ्या दिवशी जामिनाचा आदेश आला आणि संध्याकाळी ती सुटली. दाराबाहेर कोणी नव्हते. सहाव्या दिवशी मला एका अनोळखी नंबरवरून फोन आला. मी उत्तरपत्रिका तपासत होते, उचलला नाही. रात्री परत लावला तर तो एका पानटपरीवाल्याचा निघाला. "एक औरत आई थी, चली गई," तो म्हणाला. उद्या चौकशी करू, असे म्हणून मी झोपले. सुटकेनंतर नवव्या दिवशी ती वारली. आत जाण्यापूर्वी जेवढ्या गोळ्या घ्यायची तेवढ्याच तिने घेतल्या होत्या, वर बाटलीही प्याली होती.

तिने मला महिनाभर आधी सगळे सांगितले होते. मी ते ऐकले होते, पण समजून घेतले नव्हते. आजचा हा लेख त्या न समजलेल्या वाक्याबद्दल आहे.

शरीर विसरते, मन विसरत नाही

माझे वडील दिवसाला तीस बिड्या ओढायचे. रमजानमध्ये पहाटेपासून सूर्यास्तापर्यंत एकही नाही. मगरिबची अजान झाली की त्यांच्या एका हातात खजूर असायचा आणि दुसऱ्या हातात काडेपेटी. ईदेच्या दिवशी पुन्हा पुऱ्या तीस. लहानपणी मला याचे कोडे पडायचे. जो माणूस चौदा तास बिडीशिवाय राहू शकतो, तो पंधरावा तास का राहू शकत नाही? श्रावण काटेकोर पाळणारे माझे काही सहकारीही महिना संपल्याच्या दुसऱ्याच दिवशी पूर्वपदावर येतात, हे तुम्ही-आम्ही पाहतोच.

आता उत्तर कळते. रोजा माणूस एकट्याच्या बळावर ठेवत नाही. पहाटे घर उठते, गल्लीत हाक पडते, चूल दिवसभर थंड असते आणि सुटण्याची वेळ मिनिटासह ठरलेली असते. सगळे गाव आपल्याबरोबर उपाशी आहे, हे ठाऊक असते. हा सगळा आधार ईदेच्या सकाळी एकदम काढून घेतला जातो.

कारागृहातल्या व्यसनमुक्तीचेही तसेच आहे. तिथे वस्तू सहजी मिळत नाही, वेळा बांधलेल्या असतात, जुने सोबती नसतात. बाई सहा महिने, वर्ष, दोन वर्षे नशेशिवाय राहते. कुटुंबाला वाटते, सुटली एकदाची. तिला स्वतःलाही तसेच वाटते. पण तिने व्यसन सोडलेले नसते, ते फक्त तिच्यापासून लांब ठेवलेले असते.

त्यात शरीराचा एक नियम आड येतो. नशेचा पदार्थ रोज घेतला की शरीराला सवय होते आणि तेवढ्याच परिणामासाठी मात्रा वाढवावी लागते. घेणे थांबले की काही आठवड्यांतच ही सहनशक्ती उतरते. वर्षभराने बाहेर पडलेल्या बाईचे शरीर नवख्यासारखे झालेले असते. मनाला मात्र जुनीच मात्रा आठवते. ती मात्रा आता श्वास थांबवू शकते, विशेषतः गोळ्या, दारू आणि खोकल्याचे औषध एकत्र आले तर.

हा केवळ माझा तर्क नाही. अमेरिकेतील वॉशिंग्टन राज्याच्या कारागृहांतून सुटलेल्या ३०,२३७ व्यक्तींचा अभ्यास २००७ मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये प्रसिद्ध झाला. सुटकेनंतरच्या पहिल्या दोन आठवड्यांत त्यांच्या मृत्यूचा धोका त्या राज्यातील इतर नागरिकांच्या १२.७ पट होता. अमली पदार्थांच्या अतिमात्रेने मरण्याचा धोका तर १२९ पट. तिथले पदार्थ वेगळे, समाज वेगळा. पण सहनशक्ती उतरण्याचा शरीराचा नियम तिथे आणि इथे एकच आहे. माझी विद्यार्थिनी नवव्या दिवशी गेली.

मुलाखतीला कोणी नाही

देशातील कारागृहांत २०२२ च्या अखेरीस ५,७३,२२० बंदी होते. त्यांत स्त्रिया २३,७७२, म्हणजे शंभरात चार. एवढ्या थोड्या असल्यामुळे सगळी व्यवस्था पुरुषांच्या मापाने शिवलेली असते. बहुतेक ठिकाणी स्त्रियांसाठी स्वतंत्र कारागृह नसते, मोठ्या कारागृहाच्या कोपऱ्यातला एक विभाग असतो. दवाखाना, ग्रंथालय, प्रशिक्षण हे सारे भिंतीच्या पलीकडे, पुरुषांकडे.

व्यसनाचेही तेच. दिल्लीच्या एम्स संस्थेने केलेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणाचा अहवाल २०१९ मध्ये आला. त्यानुसार दहा ते पंच्याहत्तर या वयोगटात २७.३ टक्के पुरुष दारू पितात, तर स्त्रिया १.६ टक्के. आकडा लहान दिसतो म्हणून व्यसनमुक्ती केंद्रे पुरुषांसाठीच निघाली. पण १.६ टक्के म्हणजे लाखो बायका होतात. त्याच अहवालात असेही आहे की दारूचे अवलंबित्व असलेल्या दर ३८ जणांपैकी एकालाच कुठला तरी उपचार मिळतो. त्या एकात बाई किती वेळा असेल, याचा अंदाज तुम्हीच करा.

पुरुष दारू पितो तेव्हा त्याची आई, बायको, बहीण त्याला केंद्रात नेते. तो तुरुंगात गेला तर जाळीपलीकडे डबा आणि कपडे घेऊन उभी राहते. बाई नशा करते तेव्हा मात्र तिला तलाक मिळतो, माहेरचे दार बंद होते आणि मुले काढून घेतली जातात. म्हणून ती लपवते. लपवते म्हणून उपचार मिळत नाही. बराकीतल्या बायकांशी बोलताना आणखी एक गोष्ट पुन्हा पुन्हा कानावर येते. पहिली गोळी, पहिला घोट किंवा पहिली पुडी बहुतेकींना घरातल्याच कुणा पुरुषाने दिलेली असते. कुणाची मारहाण सहन व्हावी म्हणून सुरू झालेली असते, तर कुणाची रात्रपाळी निभावी म्हणून. त्या दुखण्यावर काही न करता फक्त गोळी काढून घेतली तर दुखणे तिथेच राहते.

संयुक्त राष्ट्रांनी डिसेंबर २०१० मध्ये स्त्री बंद्यांसाठीचे नियम मंजूर केले. त्यांना बँकॉक नियम म्हणतात, कारण त्यांसाठी थायलंडने पुढाकार घेतला होता. व्यसन असलेल्या स्त्रियांना कारागृहात खास त्यांच्यासाठीचा उपचार मिळावा, त्यात त्यांनी आधी सोसलेल्या अत्याचाराचा आणि गरोदरपणाचा विचार व्हावा, आणि सुटकेनंतर बाहेरच्या यंत्रणेने त्यांना हाती घ्यावे, हे त्यात स्पष्ट म्हटले आहे. कागद चांगला आहे. तो प्रत्येक जिल्ह्याच्या महिला विभागापर्यंत पोचायला हवा.

तयारी कधीपासून?

त्या मृत्यूनंतर मी संस्थेतल्या समाजकार्यकर्तीला विचारले, आपण काय करायला हवे होते? ती शांतपणे म्हणाली, "मॅडम, सुटकेची तयारी सुटकेच्या आधी आठ दिवस करता येत नाही. बाई आत आली त्या दिवसापासून करावी लागते."

याचे कारण साधे आहे. आपल्याकडे दर चार बंद्यांपैकी सुमारे तीन न्यायबंदी आहेत, म्हणजे ज्यांचा खटला अजून चालू आहे. शिक्षा झालेल्या बाईची सुटकेची तारीख ठरलेली असते, न्यायबंदीची नसते. सकाळी ती वर्गात बाराखडी गिरवत असते, दुपारी आदेश येतो आणि दिवे लागायच्या वेळी ती पिशवी घेऊन रस्त्यावर असते. हातात थोडे पैसे, अंगावर अटकेच्या दिवशीचे कपडे, आणि ठाऊक असलेला एकच पत्ता. त्या पत्त्यावरच गोळी असते.

म्हणून पहिल्या दिवशी डॉक्टरने विचारायचे, काय घेत होतीस, किती, शेवटचे कधी. हा प्रश्न गुन्हा काढण्यासाठी नसून जीव वाचवण्यासाठी आहे, हे तिला पटले तरच ती खरे सांगते. दारू किंवा झोपेच्या गोळ्या एकदम बंद झाल्या तर झटके येऊ शकतात, भ्रम होऊ शकतो, प्राणही जाऊ शकतो. ब्राउन शुगरची ओढ काही तासांतच सुरू होते. अंग मोडते, उलट्या-जुलाब होतात आणि दोन-तीन दिवस ते टिपेला असते. ही वेळ 'नाटक करते' म्हणून कोपऱ्यात बसवण्याची नाही. अफूजन्य पदार्थांच्या व्यसनासाठी ब्युप्रेनॉर्फिनसारखी औषधे आहेत, ती आपल्याकडे सरकारी केंद्रांतून दिली जातात. दिल्लीच्या तिहार कारागृहातही हा उपचार सुरू करण्यात आला. आत सुरू झालेले औषध बाहेर पडल्याच्या दुसऱ्या दिवशी तुटू नये, ही खरी काळजी.

मग येतात कागद. आधार कार्ड, रेशनकार्ड, बँकेचे पुस्तक, मुलांचे जन्मदाखले. अटकेच्या गडबडीत हे कुठे गेले ते कुणाला ठाऊक नसते. हे कागद नसतील तर सरकारी योजना, भाड्याची खोली आणि नोकरी तिन्ही अडतात. ते आत असतानाच जमवायला लागतात.

मग पहिली रात्र. ती कुठे झोपणार? नवरा विकणारा असेल तर घरी जाणे म्हणजे विहिरीत परत उडी. सुटलेल्या आणि आधार नसलेल्या स्त्रियांना सरकारी आधारगृहांत जागा मिळू शकते. पूर्वीच्या 'स्वाधार' योजनेत त्यांचा स्पष्ट उल्लेख होता, आता ती 'शक्ती सदन' झाली आहे. पण 'व्यसनी' म्हटले की तिथेही दार जरा किलकिलेच उघडते. आधी बोलून ठेवलेले असेल तर पूर्ण उघडते.

मुलांचे सगळ्यात नाजूक. सहा वर्षांपर्यंतचे मूल आईबरोबर कारागृहात राहू शकते, त्यासाठीचे निर्देश सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये दिले. मोठी मुले नातेवाइकांकडे किंवा बालगृहात असतात. बाई सुटल्याबरोबर धावत मुलांकडे जाते. मूल ओळख दाखवत नाही, नणंद दारातूनच बोलते, आणि त्याच संध्याकाळी तिला गोळी आठवते. ही पहिली भेट कशी होईल, मूल रागावले तर काय म्हणायचे, याची बराकीत बसून तालीम करावी लागते. आम्ही अक्षरशः करतो. एक जण आई होते, एक जण मुलगी. हसायला येते, मग कुणी तरी रडते.

आणि शेवटी, सगळ्यांत आधी सांगायची गोष्ट: "तू बाहेर पडल्यावर पुन्हा घ्यावेसे वाटेल. घेतलेच तर पूर्वीएवढे घेतलेस की मरशील." आपण हे बोलायला कचरतो. बोललो तर परवानगी दिल्यासारखे होईल, असे वाटते. मी कचरले होते, म्हणून सांगते.

"मॅडम, मी प्यायले"

गेल्या वर्षी एका दुसऱ्या बाईची सुटका होती. पंचेचाळिशीची, खेड्यातली, मराठी बोलणारी. गावठी दारू विकायची आणि प्यायची. मारामारीच्या गुन्ह्यात शिक्षा झाली होती. तिची तारीख ठरलेली होती, म्हणून आम्हाला सहा महिने मिळाले.

कागद जमवले. गावातल्या घरी जायचे नाही, हे तिचे तिनेच ठरवले. तालुक्याच्या गावी एका खानावळीत भाकरी करायचे काम आणि तिथेच मागे झोपायला खोली मिळाली. खानावळवाल्या काकूंना सगळे खरे सांगितले. त्या थोडा वेळ गप्प बसल्या आणि म्हणाल्या, "माझा भाऊ दारूनंच गेला. येऊ दे तिला." सरकारी रुग्णालयातल्या मानसोपचार विभागाची तारीख सुटकेच्या तिसऱ्या दिवशीची घेतली. दाराबाहेर समाजकार्यकर्ती आणि मी उभ्या होतो. तिने इकडे-तिकडे पाहिले, आणखी कोणी नाही हे बघितले, आणि म्हणाली, "चला."

पहिले चौदा दिवस कुणी ना कुणी रोज तिला फोन केला. त्यात उपदेश नव्हता. "भाकऱ्या किती झाल्या," एवढेच. दुसऱ्या महिन्यात एका रात्री दहा वाजता तिचाच फोन आला. "मॅडम, मी प्यायले." मुलीच्या लग्नाला तिला बोलावले नव्हते, ते तिला त्या दिवशी कळले होते.

पूर्वी मी हे अपयश समजले असते. आता समजत नाही. प्याल्यावर तिने लपवले नाही, फोन केला. आणि फोन उचलला गेला. दुसऱ्या दिवशी काकू तिला घेऊन रुग्णालयात गेल्या. व्यसनाचा आजार मधुमेहासारखा आहे, साखर एकदा वाढली म्हणून आपण रोग्याला घराबाहेर काढत नाही. ती अजून भाकऱ्या करते. यापुढचे मी सांगू शकत नाही, तीही सांगत नाही. आजचे सांगते.

कायदा, संस्था आणि पळवाटा

काही गोष्टी वाचकांना ठाऊक असाव्यात. अमली पदार्थांविषयीच्या १९८५ च्या कायद्यात शिक्षा कडक आहेत, पण उपचाराची वाटही आहे. अल्प प्रमाणातील पदार्थाच्या गुन्ह्यात अडकलेली व्यसनी व्यक्ती स्वतःहून मान्यताप्राप्त ठिकाणी उपचाराला तयार असेल, तर कलम ६४-अ तिला खटल्यापासून संरक्षण देऊ शकते. कलम ३९ नुसार न्यायालय अशा दोषी व्यक्तीला शिक्षेऐवजी उपचारासाठी सोडू शकते. किती बायकांना हे सांगितले जाते? प्रत्येक स्त्रीला, तिचे उत्पन्न काहीही असो, मोफत वकील मिळण्याचा हक्क आहे. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात एक अर्ज पुरतो.

दुसरीकडे, जामिनाची रक्कम भरता न आल्याने अडकलेल्या गरीब बंद्यांसाठी केंद्र सरकारने २०२३ मध्ये अर्थसाहाय्याची योजना आणली. त्यातून अमली पदार्थांच्या गुन्ह्यांतील बंदी वगळले आहेत. बड्या विक्रेत्यांना मदत मिळू नये हा हेतू समजतो. पण बडा विक्रेता दहा हजारांच्या जामिनासाठी अडून राहत नाही. अडते ती नवऱ्याच्या मालावर बसलेली बाई.

काम करणारे आहेत. मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेचा 'प्रयास' हा प्रकल्प १९९० पासून कारागृहांत जातो. वकील, निवारा, काम आणि कुटुंब या सगळ्या धाग्यांनी सुटलेल्यांना पुन्हा जोडून घेतो. पुण्यात डॉ. अनिता अवचट यांनी १९८६ मध्ये येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्या आवारात 'मुक्तांगण' सुरू केले, पुढे तिथे स्त्रियांसाठी 'निशिगंध' हा स्वतंत्र विभाग झाला. बाईला बाईंमध्येच बोलता येते, हे त्यामागचे साधे शहाणपण. पण मुंबई-पुण्याबाहेर, आपल्यासारख्या गावात, बाईसाठी व्यसनमुक्तीची एक खाट शोधायला आम्हाला शंभर-दीडशे किलोमीटर जावे लागते.

आपला हात कुठवर जातो

आता थोडे माझ्या लोकांशी, आणि मग सगळ्यांशी.

आमच्या मोहल्ल्यात नशेविरुद्ध जुम्याच्या बयानात बोलले जाते, ही चांगली गोष्ट आहे. पण ते बोलणे 'आपले तरुण' या शब्दांनी सुरू होते आणि तिथेच संपते. बायका त्यात नसतातच. असल्या तर रडणाऱ्या आई म्हणून. एखादी बाई गोळी खाते, हे मान्य केले की मोहल्ल्याची अब्रू जाते असे आपल्याला वाटते. अब्रू वाचवताना बाई जाते.

दारूची मनाई इस्लाममध्ये एका दिवसात आली नाही, हे आम्ही लहानपणी मदरशात शिकलो. आधी तिच्यात फायद्यापेक्षा तोटा जास्त असल्याचे सांगितले गेले, मग नशेत नमाजला जाऊ नका असे, आणि शेवटी पूर्ण मनाई. माणसाचे मन पायरीपायरीने वळते, हे ओळखूनच तो मार्ग आखला गेला. मग सुटून आलेल्या बाईकडून आपण पहिल्याच दिवशी शेवटची पायरी का मागतो?

रमजानमध्ये आपण जकात काढतो. तिच्या खर्चाचे आठ मार्ग कुरआनात सांगितले आहेत. त्यांत एक आहे बंधनात अडकलेल्या मानेची सुटका आणि एक आहे कर्जात बुडालेल्यांना हात. आजच्या बंद्यांच्या बाबतीत ते कसे लागू करायचे, जकात कुणाला चालते आणि कुणाला नाही, हे आपापल्या आलिमांना विचारा. आमच्या इथल्या मौलानांना मी विचारले, त्यांनी दोन दिवस मागून घेतले आणि नंतर स्वतःच कागदपत्रांचा खर्च किती येतो ते विचारायला फोन केला. सदक्याला मात्र अशी बंधने नाहीत. तो कुठल्याही धर्माच्या गरजवंताला देता येतो, आणि बराकीत सगळ्या धर्मांच्या बायका आहेत.

पैशापेक्षाही मोठी अडचण दुसरी आहे. काम देणारी खानावळ, शिवणकामाचे दुकान, पापडाचा गट, एक खोली भाड्याने देणारे घर, सुटकेच्या दिवशी दाराशी यायला तयार असलेली दोन माणसे. हे कुठल्याही धर्माचे असू शकतात. माझ्या अनुभवात ते खानावळवाल्या काकू होते. तुमच्या घरात कुणाला व्यसन असेल तर १४४४६ हा राष्ट्रीय मदत क्रमांक मोफत आहे. तो बायकांसाठीही आहे, हे मुद्दाम सांगावे लागते.

हजरत यूसुफ यांची गोष्ट कुरआनात आहे आणि बायबलमध्येही. ते निर्दोष असून तुरुंगात होते. सुटणाऱ्या सोबत्याला त्यांनी सांगितले, बाहेर गेल्यावर मालकाजवळ माझी आठवण काढ. तो बाहेर गेला आणि विसरला. यूसुफ आणखी काही वर्षे आतच राहिले. आमच्या घरी आजी ही गोष्ट सांगायची तेव्हा मला त्या विसरणाऱ्याचा फार राग यायचा. आता येत नाही. पानटपरीवरून आलेला फोन न उचलणारीही मीच होते.

रमजानच्या शेवटच्या दहा दिवसांना नजातचा, म्हणजे सुटकेचा, काळ म्हणतात. ते आता सुरू झाले आहेत. कारागृहातल्या वर्गात या वर्षी एक सत्तावीस वर्षांची मुलगी आहे. तिच्या जामिनाची सुनावणी ईदेनंतरच्या आठवड्यात आहे. आम्ही तिच्यासाठी एक साधा तक्ता केला आहे. पहिली रात्र कुठे, डॉक्टरची तारीख कोणती, मुलाला कधी भेटायचे, मन ओढले तर कुणाला फोन. 'दाराशी कोण येणार' या ओळीपुढे तिने स्वतःच्या हाताने, नव्याने शिकलेल्या अक्षरांत, दोन नावे लिहिली आहेत. त्यांतले एक माझे आहे.

सुटका संध्याकाळी होते. मी त्या आठवड्यात उत्तरपत्रिका तपासायला घेतलेल्या नाहीत.